दालचिनीचा दावा

रत्नागिरीच्या माणसाला वाद घालण्यासाठी विषय लागतोच असे नाही. परंतु विषय मिळालाच, आणि तोही खाण्यापिण्याचा असला, तर तो वाद दिवाणी दाव्याप्रमाणे तारखांवर तारखा घेत चालतो आणि त्याचा निकाल लागावा अशी उभय पक्षांपैकी कोणाचीच मनापासून इच्छा नसते. येथे ज्या दाव्याची हकीकत द्यावयाची आहे, त्यातील वादी म्हणजे कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आणि भाट्याच्या खाडीपलीकडे वडिलोपार्जित नारळाची बाग राखून असलेले एक गृहस्थ. प्रतिवादी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावजय, ज्यांच्या देखरेखीखाली कुटलेला वर्षाचा मसाला शहरातील कित्येक घरांत जातो. वादाचे कारण वरकरणी क्षुल्लक होते. मसाल्यासाठी किराणा दुकानातून आलेले जिन्नस निवडण्याकरिता ओटीवर पसरले होते, त्यांतील एक जाड, तांबूस सालीचा तुकडा भावोजींनी उचलला, दोन्ही हातांनी मोडून पाहिला, तो मोडला नाही, आणि फाइलवर शेरा मारावा अशा स्वरात ते म्हणाले, "ही दालचिनी नव्हे." मी तिऱ्हाईत, चहासाठी थांबलेला. जे कानी पडले ते थोडे आवरून-सावरून पुढे देत आहे.

भावोजी : ही तज, वहिनी. माझ्या बागेतली साल शेजारी ठेवतो, तुम्हीच ताडून पाहा. माझी फिकट बदामी, एकीच्या पोटात एक अशा सात-आठ पापुद्र्यांची सुरळी; चिमटीत दाबली की भुगा. ही तुमची एकाच जाड थराची, दोन्ही कडांनी आत वळलेली, आणि फोडायला खलबत्ता मागणारी. अन्नपदार्थांच्या मानकांचे जे सरकारी नियम आहेत, त्यांतसुद्धा तज आणि दालचिनी यांची कलमे स्वतंत्र आहेत. सरकारने ज्यांना दोन म्हटले त्यांना एक म्हणण्याचा अखत्यार दुकानदाराला कोणी दिला?

वहिनी : सरकारने दोन म्हटले असेल भावोजी, पण त्यांतल्या एकीला खोटी म्हटल्याचे तुम्ही काही वाचून दाखवले नाहीत. कलमे दोन आहेत याचा अर्थ दोघीही कायद्यात बसतात, इतकाच मी घेते.

भावोजी : बसतात, पण आपापल्या नावाने.

वहिनी : नावाचे दुकानदाराला विचारा. मी साल विकत घेते ती वासावर आणि ज्या पातेल्यात जायची त्या पातेल्यावर.

या दोघांच्या भांडणात दोनच नावे येत असली तरी कुटुंब प्रत्यक्षात पुष्कळ मोठे आहे. सिनॅमोमम या वनस्पतिवंशात शेकडो जाती मोडतात आणि त्यांतील चार-पाचच जगाच्या स्वयंपाकघरांत नांदतात: सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची, पातळ व सौम्य, दक्षिण चीनमधील जाड व उग्र, सुमात्रा बेटावरील, जिच्या गुळगुळीत, तांबड्या, डौलदार सुरळ्या पाहून जाणतेही फसतात, आणि व्हिएतनामची, जिच्यात सुगंधी तेल सर्वांत अधिक असल्यामुळे जिची चिमूटभर पूड जिभेला चांगलीच झोंबते. आपल्या बाजारातील जाड साल बहुतांशी व्हिएतनाम, चीन आणि इंडोनेशिया या तीन देशांतून येते. सह्याद्रीच्या रानात आपलीही एक रानदालचिनी आहे. तिची साल दाताखाली धरली असता गंधाआधी बुळबुळीतपणाच जाणवतो, आणि ती भेसळीखेरीज फारशी कोठे कामास येत नाही. कोकणातील बागांत हौसेने वा धंद्यासाठी लावलेले झाड मात्र सिलोनच्याच जातीचे असते, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाचा जो वाण दिला तोही त्याच जातीचा. म्हणजे भावोजींची बाग भाट्यात असली तरी तिच्यातील दालचिनीचे माहेर लंकेत आहे.

दोन की एक, हा प्रश्नही आजचा नव्हे. गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यात स्थायिक झाला होता. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांवरील त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि योगायोग असा की तो ग्रंथही संवादरूप आहे: एका बाजूस स्वतः ओर्ता आणि दुसऱ्या बाजूस रुआनो नावाचा कल्पित पाहुणा. युरोपातील पंडित जुन्या ग्रीक पोथ्यांच्या आधारे ज्यांना निरनिराळी द्रव्ये समजत आले होते ती सर्व वस्तुतः एकच होत, फरक भूमीचा आणि प्रतीचा, असा निवाडा त्याने दालचिनीच्या प्रकरणात दिला आहे. सिलोनची सरस आणि मलबारची हलकी, हे अर्थात त्यालाही ठाऊक होते. वनस्पतिशास्त्राने पुढे जाती भिन्न ठरवून ओर्ताचा निवाडा फिरवला. तथापि ज्या काळी युरोपचे विद्वान पोथीवर पोथी रचत होते त्या काळी हा मनुष्य प्रत्यक्ष माल हातात घेऊन बोलत होता, आणि वहिनींनी त्याचे नावही ऐकलेले नसले तरी त्यांची बैठक त्याच्याच पंगतीला आहे, असे मला राहून राहून वाटले.

भावोजी : बरे, नावाचे महत्त्व तुम्हांला पटत नसेल तर आंब्याचे बोलू. आपल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. तरीही ऐन मोसमात मुंबईच्या बाजारात कर्नाटकचा आंबा रत्नागिरी हापूस म्हणून पेटीत बसतो, आणि ते वर्तमान वाचून तुमचा किती जळफळाट होतो हे मी याच ओटीवर पाहिलेले आहे. सिलोनच्या दालचिनीला युरोपीय संघाने २०२२ साली तसाच निर्देशांक दिला. तिथल्या एखाद्या शेतकऱ्याने तुमची ही पुडी पाहिली तर त्याला काय वाटेल?

वहिनी : मला वाटते तेच वाटेल, आणि त्याचे रास्तच आहे. पण भावोजी, तोतापुरी तोतापुरी म्हणून टोपलीत आली तर मी तिचा तक्कू करते आणि कोणाला गुन्हेगार ठरवत नाही. हापूसच्या कैरीचा तक्कू करणारी बाई मात्र मला उधळी वाटते. तुमचे म्हणणे ऐकून मी वर्षाच्या मसाल्यात पातळ साल घातली तर ते तसेच होणार, नव्हे, झाले आहे. त्या वर्षी तुमच्या आग्रहाखातर घातलीच होती ना? बेडगी आणि संकेश्वरी मिरची, त्यांच्या जोडीला धने, बडीशेप, दगडफूल, लवंग, मिरी, जावित्री, सगळे भाजून डंकावर गेले, आणि त्या गर्दीत तुमच्या सालीचा आवाज मुळी उठलाच नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत मसाला मुका झाला. जाड साल घातलेला मसाला पुढच्या होळीलाही बरणीचे झाकण काढताक्षणी सांगतो, मी आहे म्हणून.

भावोजी : मसाल्याचे सोडा. फोडणीत तर साल एकटी असते.

वहिनी : फोडणीत तर तुमची मुळीच चालत नाही. तेल तापले की जाड सालीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टाकावा. तो एकदम करपत नाही, कडांशी बारीक बुडबुडे धरतो, हळूहळू फुगतो, आणि त्याचा वास तेलात उतरला हे नाकाला कळले की वर उभा चिरलेला कांदा लोटावा. तुमची साल त्याच तेलात टाकून मी कांद्याच्या ताटाकडे वळेपर्यंत काळी पडलेली असते, आणि मग कोंबडीच्या रश्श्याला जो कडवटपणा येतो तो खोबऱ्याच्या वाटणानेसुद्धा झाकत नाही. मटण तासभर चुलीवर असते. तासभर टिकेल असे काही त्यात हवे. मोहल्ल्यातल्या लग्नांत बिर्याणीच्या देगी उतरतात, त्या आचाऱ्यांना जाऊन विचारा. त्यांच्यापैकी कोणी पातळ साल देगीत टाकत असेल तर मी माझा मसाल्याचा धंदा तुमच्या नावावर करून देईन.

भावोजी : (किंचित थांबून) साखरांब्यात या वर्षी कोणती घातली होती?

वहिनी : तुमची.

भावोजी : आणि काजूगरांच्या उसळीत?

वहिनी : तुमचीच. मी नाही कधी म्हटले? साखरांबा उतरवताना, पाक पुरता झाला की विस्तव काढून मग पातळ सालीचे दोन लांब तुकडे आणि चार लवंगा त्यात सोडाव्यात आणि झाकण ठेवावे. जाड साल तिथे घातली तर कैरीचा वास मरतो आणि खाणाऱ्याला औषध घेतल्यासारखे वाटते. ओल्या काजूगरांचे तसेच. तो गर मुळात इतका नाजूक, त्याला दुधासारखी गोडी. त्याच्या वाटणात ओल्या खोबऱ्याबरोबर तुमच्या सालीची एवढीशी ढलपी वाटून घालावी, फोडणीत नव्हे. शेवयांच्या खिरीला, बासुंदीला, पिकल्या केळ्यांना साजूक तुपात परतून साखर घालतो त्यांना, तुमचीच. पण हे सगळे पदार्थ विस्तवावरून उतरल्यावर वास घेणारे. विस्तवावर राहणारे पदार्थ माझे.

वहिनींनी जो सीमातह येथे सहज बोलून टाकला त्याला रसायनशास्त्राचीही संमती आहे, हे नमूद करणे अवश्य आहे. दालचिनीचा जो ठसठशीत, उष्ण गंध आपण ओळखतो तो सिनॅमाल्डिहाइड या द्रव्याचा. जाड सालीच्या तेलात त्याचेच जवळजवळ एकछत्री राज्य असते, म्हणून ती एकसुरी परंतु दमदार. पातळ सालीत त्याच्या सोबतीला लवंगेतले युजेनॉल आणि फुलांमध्ये आढळणारे लिनालूल यांचाही अंश असतो, आणि तिचे सारे कौतुक या सोबत्यांमुळे आहे. हे सोबती दीर्घकाळ उकळत्या रश्श्यात टिकत नाहीत, आणि टिकले तरी मिरची-खोबऱ्यापुढे त्यांची डाळ शिजत नाही. सिलोनच्या पातळ सालीचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक पूर्वीपासून मेक्सिको देश आहे, आणि तेथेही ती कॉफीत आणि चॉकलेटच्या पेयात पडते. उलट अमेरिकेत ज्या दालचिनीच्या गोड पावांचा एवढा बोलबाला, ते पाव तापत्या भट्टीत भाजले जातात आणि त्यांत इंडोनेशियाची जाड सालच असते. आमच्याकडील परदेशस्थ मंडळी तिकडून कौतुकाने पुडीची बाटली घेऊन येतात आणि 'अस्सल' म्हणून आईच्या हाती ठेवतात. तिच्यातही बहुधा तीच.

भावोजी : पूड हा तर सगळ्या लबाडीचा मूळ पाया. साल पाहून ओळखता येते. पूड झाली की पुरावाच नष्ट. टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला तर जाडीची पूड गडद निळी होते, पातळीची तेवढी होत नाही, हे खरे. पण किराणा घ्यायला आयोडीनची बाटली खिशात घालून कोण जातो? आणि तुमच्या जाडीची पूड गरम दुधात घालून पाहा, तळाशी कसा चिकट साका बसतो तो.

वहिनी : म्हणून पूड मी विकतच नाही. लागेल तेव्हा खलात कुटावी. आणि भावोजी, सालीवरून एवढे भांडता, पण त्या झाडाची पाने दर पावसाळ्यात गळून कुजतात, त्यांचे काय? कोवळे नको, चांगले जून हिरवे पान घेतले, तीन शिरांचे, आणि भाताच्या आधणात टाकले तर दालचिनीचा नव्हे, लवंगेचा वास येतो. लवंगेचा भाव काय आहे तुम्हांला ठाऊक आहे? उत्तरेकडून वाळके तमालपत्र आणून घालायचे आणि दारचे पान कुजू द्यायचे, हा कोणता हिशेब?

भावोजी : तमालपत्रही त्याच कुळातले आहे. आणि कुळाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या गोड्या मसाल्यातले नागकेशर काढा पाहू. (वहिनींनी डबा पुढे केला, त्यातील एक काळी, देठाला वाटीसारखी टोपी असलेली कळी भावोजींनी बोटावर घेतली.) खरे नागकेशर म्हणजे नागचाफ्याच्या फुलातले केसर. हे केसर दिसते का? ही दालचिनीच्या भाऊबंदांपैकी एका झाडाची न पिकलेली फळे. म्हणजे तुमच्या गोड्या मसाल्यात दालचिनी दोनदा पडते, एकदा आपल्या नावाने आणि एकदा दुसऱ्याच्या.

वहिनी : पडू द्या. माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंनीसुद्धा हीच कळी घातली, आणि तिच्यावाचून केलेला गोडा मसाला मी चाखलेला आहे. त्याची आमटी तिखट होते, गोडी होत नाही. वैद्याला नागचाफा लागत असेल तर त्याने तो शोधावा. मला आमटी करायची आहे.

या ठिकाणी भावोजींचा पक्ष शास्त्रशुद्ध होता आणि वहिनींचा चविष्ट, आणि ऐकणाऱ्याने कोठे बसावे हे त्याच्या भुकेवर अवलंबून होते. परंतु पुढचा मुद्दा जेव्हा निघाला तेव्हा मात्र मी निःसंकोच भावोजींच्या बाजूला सरकलो. शेजारच्या एक बाई मधुमेहावर उपाय म्हणून रोज सकाळी चमचाभर दालचिनीची पूड मधात कालवून घेतात, हे वहिनींनीच बोलता बोलता सांगितले.

भावोजी : आणि ती पूड कोणत्या सालीची?

वहिनी : दुकानातली. म्हणजे जाडच असणार.

भावोजी : मग त्यांना आजच बंद करायला सांगा. जाड सालीत कुमारिन नावाचे एक द्रव्य असते. ते रोज, बेताबाहेर, महिनोन्महिने पोटात गेले तर काही माणसांच्या यकृताला अपाय करते. युरोपातल्या अन्नसुरक्षेच्या अधिकाऱ्यांनी मर्यादा घातली आहे: शरीराच्या दर किलोला रोज एक-दशांश मिलिग्रॅम. जर्मनीच्या सरकारी संस्थेने त्याचा हिशेब मांडला, तो असा की साठ किलो वजनाच्या माणसाने जाड सालीची पूड रोज २ ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये, आणि पंधरा किलोच्या मुलाने अर्धा ग्रॅम. चमचा भरला की २ ग्रॅम उलटलेच म्हणून समजा. पातळ सालीत हे द्रव्य नाममात्र असते.

वहिनी : रोज चमचाभर घ्यायला कोणत्या वैद्याने सांगितले? सितोपलादीचे प्रमाण आमच्या घरात पाठ आहे: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन आणि दालचिनी एक. एकतीस भागांत एक भाग, आणि तेही खोकल्यापुरते. माझा मसाला तुम्ही वर्षभर खाता, त्यातून रोज माणशी किती दालचिनी पोटात जाते? चिमटीचा अंशसुद्धा नाही. शिवाय भातात, रश्श्यात घातलेला तुकडा आपण पानाच्या कडेला काढून ठेवतो.

भावोजी : मसाल्याबद्दल माझी तक्रारच नाही.

वहिनी : हे मघाशी म्हणाला असता तर चहा गार झाला नसता.

मधुमेहावर दालचिनी हे औषध म्हणून सिद्ध झालेले नाही, आणि डॉक्टरांच्या गोळ्या बाजूला सारून तिच्यावर भिस्त ठेवणे हा निव्वळ आत्मघात आहे. एवढे बोलून मी माझा साक्षीदाराचा अधिकार ओलांडला, आणि दोघांनीही माझ्याकडे, या विषयावर आमचे भांडणच नाही, अशा मुद्रेने पाहिले.

वहिनी : आता माझा एक प्रश्न. तुमची साल इतकी गुणाची, तर ती मला दरसाल मागूनही मूठभरच का मिळते? भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात लाखी बाग पाहून आलात, चार नारळांच्या मध्ये जायफळ, दोन नारळांच्या मध्ये दालचिनी, नारळाच्या खोडावर मिरी, अगदी बरहुकूम लावलेत. जायफळ उतरवता, मिरी उतरवता. दालचिनीची झाडे मात्र नारळाशी स्पर्धा करीत उंच चालली आहेत.

भावोजी : कारण जायफळ आपोआप पडते आणि दालचिनी सोलावी लागते. पाऊस सरला, आश्विन-कार्तिकात झाडात रस असतो तोवरच साल सुटते. आधी कोयत्याने एक चीर देऊन पाहायचे, सुटली तर फांदी तोडायची. फांदी अंगठ्याएवढी, तपकिरी झालेली हवी. मग वरची खरखरीत काळपट साल खरवडायची, पितळेच्या दांडीने घासघासून आतली साल मोकळी करायची, समोरासमोर दोन उभ्या चिरा, आणि वाकड्या सुरीने ती अखंड उचलायची, फाटली की भाव अर्धा. मोठ्या सालीच्या पोटात लहान भरायच्या, पहिले काही दिवस सावलीत, मग कोवळ्या उन्हात. सिलोनमध्ये हे काम पिढ्यानपिढ्या करणारी सलागम नावाची स्वतंत्र जात होती. सिंहली राजांनी, पोर्तुगीजांनी, डचांनी, सगळ्यांनी तिच्याकडून ते वेठीनेच करून घेतले. डचांनी तर अठराव्या शतकात जंगलातली झाडे पुरेनात म्हणून बागाच लावल्या. मला सोलायला माणूस कोण देतो? नारळ पाडायला पाडेली मिळत नाही, तिथे दालचिनी सोलणारा कुठून आणू? दिवसभर बसून जी साल निघेल तिच्यापेक्षा मजुरी जड होते, आणि तुमचा दुकानदार व्हिएतनामची जाड साल तिच्या पाव भावात देतो.

वहिनी : म्हणजे माझा दुकानदार खोटा नाही, तुमचा कोयता आळशी आहे.

भावोजी : असे म्हणा हवे तर.

वहिनी : असेच म्हणते. आता ऐका. मसाल्याचा मोसम संपला की माझ्या डंकावरच्या बायका पुढच्या मोसमापर्यंत रिकाम्या असतात. खोबरे किसताना ज्यांचा हात एका रेषेत चालतो, त्यांना साल उचलायला शिकवणे कठीण नाही. दापोलीच्या विद्यापीठात किंवा भाट्याच्या केंद्रात कोणी दाखवील तर एका दिवसाचे काम. या वर्षी झाडे बुंध्याशी छाटा, धुमारे फुटू द्या. पुढल्या नाही तर त्याच्या पुढल्या दसऱ्यानंतर आम्ही येतो. झाड तुमचे, हात आमचे. साल अर्धेलीने.

भावोजी : तिर्धेलीने. दोन हिस्से मालकाचे. खत माझे, शिंपणे माझे.

वहिनी : अर्धेल. आणि पाने सगळी माझी, ती वाटणीत धरायची नाहीत.

भावोजी : पाने तुम्हांला, पण मग छाटणीची मजुरीही तुमच्याकडे. आणि सुरळीवर 'दालचिनी' आणि दुकानच्या पुडीवर 'तज' असे लिहून विकायचे, ही अट मी कलमात घालणार.

वहिनी : घाला. तजेचा भाव मी वाढवणार नाही आणि तुमच्या दालचिनीचा कमी करणार नाही, हेही घाला.

भावोजींनी मुलाला आतून कोरा कागद आणावयास सांगितले आणि वहिनींनी जाड साल पुन्हा परडीत टाकून, निवडून व्हायचे होते त्या धन्यांकडे आपले लक्ष वळवले.